सुट्टीतील गृहविनिमय

1953 साली युरोपातील काही शिक्षकांनी एक साधी युक्ती योजिली. सुट्टी दीर्घ, वेतन मात्र बेताचे. म्हणून दोन कुटुंबांनी सुट्टीपुरती परस्परांच्या घरी राहावे, भाडे कोणीच देऊ नये. त्यातूनच ‘इंटरव्हॅक’ ही संस्था उभी राहिली.

आम्हां वकिलांच्या मनात पहिली शंका येते ती ताब्याची. आपल्याकडील 1882 च्या ईझमेंट्स ॲक्टाचे 52 वे कलम अशा वास्तव्यास निव्वळ परवानगी मानते. तीतून घरावर हक्क उपजत नाही.

तथापि या व्यवहाराचा खरा आधार कायदा नव्हे. देवस्थानाच्या अग्रशाळेत आम्ही उतरतो त्या खोलीत काल दुसरे कुळावी होते, उद्या तिसरे येतील. म्हणूनच ती झाडून निघावयाचे. न्यायालय घराचा ताबा परत देववील. गेलेला विश्वास देववणार नाही.