आखेनच्या भट्टीपाशी

जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यांजवळून गेला असाल, तर ही धग तुम्हाला नवी नाही. तरी दोन पावलं मागे सरा. खड्ड्यात मातीचा साचा पुरलाय, त्याच्या पोटातलं मधमाश्यांचं मेण केव्हाच वितळून निघून गेलंय आणि आता त्या पोकळीत ब्राँझचा लाल रस उतरतोय. ओतकाम थांबता कामा नये, म्हणून सगळे एकाच वेळी ओरडताहेत. भुवया होरपळल्याचा वास येतोय; बहुतेक तुमच्याच.

तुम्ही आखेनला आलाय, आजच्या जर्मनीत. साल 800 च्या आसपासचं. फ्रँकांचा राजा शार्लमेन इथं आपल्या महालाला लागून प्रार्थनामंदिर बांधतोय आणि तुमच्यासमोर त्याचा दरवाजा ओतला जातोय. एकेक फळी अखंड, दोन टनांच्या घरातली.

चला आत, पण खाली बघून. जमीन दलदलीची, म्हणून पायाखाली ओकचे खुंट ठोकलेत. चुन्यानं डोळे चुरचुरतात. त्यात विटांचा चुरा कालवतात, म्हणजे आपली सुरखीच. छिन्नीचा आवाज आठही भिंतींवर आपटून परत येतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हे संगमरवरी खांब रोम आणि राव्हेना इथल्या जुन्या इमारतींतून काढून आल्प्स ओलांडून आणलेत. त्यावर हात फिरवा, थंडगार लागतील. मान मागे टाका. तीस मीटरवर घुमट आहे. तिथं सोनेरी काचेचे बारके तुकडे चिकटवून ख्रिस्ताचं चित्र मढवतात. आज पर्यटकांना दिसतं ते एकोणिसाव्या शतकात नव्यानं केलेलं. तुम्ही मूळच्या चित्राखाली उभे आहात, डोळे भरून पाहा.

या काळातली कला म्हटली की आपल्याला राखाडी दगड आणि शांतता आठवते. इथं तर डोळे दिपतात. ग्रंथ लिहिणाऱ्यांकडे डोकावा: चुन्यात भिजवून, खरवडून, ताणून वाळवलेल्या कातड्याची पानं जांभळी रंगवलीत आणि त्यावर सोन्याच्या शाईनं बायबलमधली शुभवर्तमानं उतरताहेत. राजाला स्वतःला नीट लिहिता येत नाही. मेणाच्या पाट्या उशाखाली ठेवतो, झोप लागली नाही की अक्षरं गिरवतो, पण सुरुवातच उतारवयात झाली आणि हात काही वळेना. मला या राजाबद्दल सगळ्यांत जवळचं वाटतं ते हेच.

अंगावर चुना साचलाय ना? गंधकाच्या वासामागे चालत जा. गरम पाण्याच्या कुंडात राजा पोहतोय, सोबत मुलं, सरदार, अंगरक्षकसुद्धा. कधीकधी शंभरावर माणसं असतात. उतरा, कुणी अडवणार नाही.

आणि मुक्काम 802 च्या जुलैपर्यंत लांबवा. एके दिवशी छिन्न्या थांबतात, बायाबापड्या रस्त्यावर येतात, कुत्री भुंकून भुंकून बेजार होतात. बगदादच्या खलिफा हारून अल-रशीदनं भेट पाठवलेला हत्ती येतोय, अबुल-अब्बास नावाचा. इथल्या कुणी आयुष्यात हत्ती पाहिलेला नाही. गर्दीत शेणाचा, घामाचा, आंबलेल्या दारूचा वास. एक गवंडी तुमचा दंड घट्ट धरून उभा आहे.

त्याला सांगा, आमच्या गावापासून दोन-अडीच तासांवर, वेरूळला, असे हत्ती दगडात रांगेनं उभे आहेत, पाठीवर अख्खं देऊळ पेलून. याच गवंड्याच्या बापाच्या वयाच्या माणसांनी ते कोरलंय. तो विचारेल, दगड कुठून आणले? कुठूनच नाही, म्हणा. डोंगर होता, कळसापासून सुरुवात करून खाली पायापर्यंत खोदत नेला.

तो हत्ती विसरून तुमच्याकडेच बघत राहील. मग हातातला ओळंबा वर धरून विचारेल, "वरून खाली? मग हा कुठून सोडायचा?"