सी भाषेतील वर्णमूल्यांची तुलना : एका अनिर्णयाचा इतिहास

सी ही संगणकभाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास विकसित केली. तिच्या आधीच्या ‘बी’ भाषेत प्रकारभेद नव्हता. पीडीपी-११ या यंत्रात मात्र प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता असल्याने एका बाइटचा ‘कॅर’ हा वर्ण-प्रकार आवश्यक ठरला. बाइट रजिस्टरमध्ये नेताना हे यंत्र तिचा सर्वांत वरचा बिट चिन्ह मानून पुढे पसरवीत असे. परिणामी १२८ ते २५५ ही मूल्ये ऋण होत. सात बिटांच्या आस्की संकेतात १२७ च्या पुढे वर्णच नसल्यामुळे इंग्रजी मजकुरापुरती ही बाब निरुपद्रवी होती.

कर्निघन व रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथात हा प्रश्न यंत्रावर सोपविलेला दिसतो. त्यात विचारात घेतलेल्या यंत्रांपैकी केवळ पीडीपी-११ वरच चिन्हविस्तार होत असे. १९८९ च्या अमेरिकन मानकाने ‘साइन्ड’ हा शब्द भाषेत आणला. तथापि साध्या ‘कॅर’चे स्वरूप कंपायलरवरच सोडले. मानकातील ‘स्ट्रकंप’ हे फलन बाइटची तुलना अनसाइन्ड मूल्यांनुसार करते. परंतु प्रोग्रामरने स्वतः ‘<’ चिन्हाने केलेली तुलना यंत्रानुसार बदलू शकते.

या अनिर्णयाची झळ इंग्रजीतर लिप्यांना बसते. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात ‘क’ या वर्णाचा संकेतांक १७९ आहे. साइन्ड पद्धतीत तो उणे ७७ होतो आणि रोमन ‘ए’च्या ६५ या मूल्याहून लहान ठरतो. साहजिकच शब्दांचा क्रम उलटतो. हेच मूल्य सारणीचा निर्देशांक म्हणून वापरल्यास सारणीच्या आधीची स्मृती वाचली जाते. सुरक्षेलाही यातून बाधा पोहोचते. १९९६ मध्ये ‘बॅश’ या आज्ञा-दुभाष्यात २५५ मूल्याची बाइट उणे १ ठरून आज्ञा-विभाजक मानली जात असल्याचे उघड झाले.

लिनक्सवर एक्स-८६ यंत्रांत साधा ‘कॅर’ साइन्ड, तर एआरएम यंत्रांत अनसाइन्ड राहिला. अखेर २०२३ च्या ६.२ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलने आपल्यापुरता तो सर्वत्र अनसाइन्ड केला. भाषेच्या मानकातील मोकळीक मात्र कायम आहे. म्हणूनच केवळ इंग्रजी मजकुरावर तपासलेला प्रोग्राम निर्दोष मानता येत नाही. वर्णाची तुलना करण्यापूर्वी त्याचे अनसाइन्ड रूपांतर करणे, ही शिस्त अध्यापनातच रुजणे इष्ट ठरते.