स्प्रिंकलरची कुळकथा

आग लागताच छतातून आपोआप पाणी सोडणाऱ्या स्प्रिंकलरचा पूर्वज लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात सापडतो. तिथल्या 1794 सालच्या इमारतीत लोखंडी पडदा होता, वर पाण्याचा साठाही होता. तरी 1809 मध्ये ती जळून खाक झाली. 1812 मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या नाट्यगृहात विल्यम काँग्रेव्हने पाण्याची मोठी टाकी बसवून तिथून भोकांचे नळ सगळीकडे फिरवले. म्हैसूरच्या सैन्याच्या अग्निबाणांवरून ब्रिटिश रॉकेट घडवणारा काँग्रेव्ह तो हाच. झडप मात्र माणसालाच उघडावी लागे.

पुढे अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांनी हे भोकांचे नळ उचलले. कापूस क्षणात पेट घेतो आणि रात्री गिरणीत झडप उघडायला कोणी नसते. झडप उघडलीच, तर जिथे आग नाही तिथला मालही भिजून जाई. न्यू हेवनच्या हेन्री पार्मलीने 1874 मध्ये आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी यावर तोड काढली. भोकांच्या तोटीवर पितळी टोपी बसवून तिला त्याने लवकर वितळणारा डाख दिला. उष्णतेने डाख सुटे, टोपी गळून पडे आणि पाणी नेमके आगीवर येई. पण नळातले पाणी टोपीला थंड ठेवत असल्याने डाख वितळायला वेळ लागे. फ्रेडरिक ग्रिनेलने 1881 च्या रचनेत डाखाचा सांधा पाण्यापासून अलग केला. आजच्या स्प्रिंकलरची खरी घडण इथली आहे. डाखाच्या जागी आता बहुधा द्रव भरलेली काचेची कुपी असते. सार्वजनिक इमारतींतली नेहमीची लाल कुपी 68 अंश सेल्सिअसला फुटते, आणि आगीची धग पोहोचते तेवढीच तोंडे उघडतात.

या साधनाचा प्रसार विमा कंपन्यांनी केला, कारण त्यांना नुकसानभरपाई वाचवायची होती. म्हणून गिरण्या आणि गोदामे आधी सुरक्षित झाली. गर्दीच्या जागा कितीतरी दशके तशाच राहिल्या. ही दिरंगाई अक्षम्य होती. बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबमध्ये 1942 साली 492 माणसे गेली, तेव्हा ग्रिनेलच्या शोधाला 60 वर्षे उलटली होती.

लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलातल्या एका उपाहारगृहाला स्प्रिंकलरमधून सूट होती: ते चोवीस तास उघडे असणार, आग कोणाच्या तरी लक्षात येईलच, असा त्यामागचा हिशेब. 21 नोव्हेंबर 1980 च्या सकाळी तिथेच आग भडकली, तेव्हा ते बंद होते. 85 जण दगावले, त्यांतले बहुतेक वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून. त्यानंतर नेवाडा राज्याने जुन्या उंच हॉटेलांनाही स्प्रिंकलर सक्तीचे केले. उभ्या इमारतीत हे काम जिकिरीचे असते. टाकी आणि पंपासाठी जागा काढावी लागते, प्रत्येक मजल्यावर छताखालून नळ न्यावे लागतात, त्यांचे वजन इमारत पेलेल का हे तपासावे लागते, आणि खोल्या टप्प्याटप्प्याने रिकाम्या कराव्या लागतात. नव्या बांधकामात हेच नळ छत झाकण्याआधी सहज बसतात.