किरणोपचारानंतरचा दुसरा कर्करोग

किरणोपचाराने आधीचा रोग आटोक्यात आल्यावर, किरण पडलेल्या भागात किंवा त्यालगत अनेक वर्षांनी उद्भवणारा वेगळ्या जातीचा कर्करोग. किरणांनी निरोगी पेशींतील डीएनएही दुखावतो. त्याची दुरुस्ती चुकली तर पुढे गाठ होऊ शकते. रक्ताचा कर्करोग काही वर्षांतच दिसतो, गाठी बहुधा १० वर्षांनंतर. वय जितके कोवळे तितका धोका जास्त. हॉजकिन लिंफोमासाठी छातीवर किरण घेतलेल्या मुलींत पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका विशेष. त्यांची वार्षिक तपासणी वयाच्या २५ व्या वर्षी किंवा उपचारानंतर ८ वर्षांनी, जे नंतर येईल तेव्हा सुरू करतात. प्रौढांच्या दुसऱ्या गाठींमागे मात्र बहुतेकदा वय, तंबाखू, आनुवंशिकता असते. २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात किरणोपचाराचा वाटा सुमारे ८ टक्केच निघाला. दुसऱ्या कर्करोगाच्या भीतीपोटी उपचार नाकारणे घातकच. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र पाठपुरावा विभाग चालतो. बागलीसारख्या (जि. देवास) तालुक्याच्या गावी परतलेल्या रुग्णाजवळ उपचाराचा कागद हवाच : किरण कोणत्या भागावर, मात्रा किती ग्रे, कोणत्या साली.