मर्तबान आणि विषाची गोष्ट

आमची नानी लोणच्याच्या बरणीला मर्तबान म्हणायची. शेजारच्या काकू बरणी म्हणायच्या. लोणचे दोन्ही घरांत तेच.

मर्तबान हे मुळात ब्रह्मदेशातल्या एका बंदराचे नाव. आज त्याला मोत्तमा म्हणतात. चीनची झिलईदार भांडी या बाजूने हिंदी महासागरात येत, म्हणून भांड्यांनाच बंदराचे नाव पडले. १४व्या शतकात इब्न बतूताने आले, मिरी, लिंबू आणि आंबे मीठ लावून भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख केला आहे. म्हणजे लोणचेच!

या भांड्यांत मान होता एकरंगी हिरव्यांना. चीनच्या चेजियांग प्रांतात, लोंगच्वानच्या भट्ट्यांत ती भाजली जात. झिलईत किंचित लोह असते. भट्टीत हवा कमी ठेवली की त्याचाच हिरवा रंग उमटतो. इंग्रज त्यांना सेलेडॉन म्हणतात, तुर्क मर्तबानी आणि आपल्याकडे नाव होते घोरी. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात अशी हजारावर भांडी आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही ती पाहायला मिळतात.

तिथून आलेला एक विद्यार्थी मला अभिमानाने म्हणाला, "सर, आपल्या बादशहांच्या ताटात विष वाढलं की ताट तडकायचं!" ही समजूत इस्तंबूलपासून दख्खनपर्यंत पसरलेली होती. पण ती खरी नाही. सोमल घाला नाहीतर साखर, त्या ताटाला काहीच होत नाही. मी तसे सांगितले, तर त्याचा चेहरा उतरला. आपला वारसा मी कमी करतो आहे, असे त्याला वाटले.

मग मी त्याला आपल्या भंडाऱ्याची पितळी भांडी आठवायला सांगितली. कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की कळकते, आणि पोटात गेले तर बाधते. झिलईच्या भांड्यात मात्र वर्षभर लोणचे मुरते आणि बिघडत नाही. पक्की भाजलेली ती झिलई काचेसारखी असते, आंबटाला दाद देत नाही. विष ओळखणे तिला जमत नाही, पण अन्नाचे विष होऊ न देणे जमते.

बादशहांच्या ताटाची करामत खोटी निघाली म्हणून आपले काही जात नाही. दंतकथेला इतिहास म्हणत राहिलो, तर मात्र आपल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

नानीचे मर्तबान आता माझ्या घरी आहे. यंदाही त्यात कैरीच भरली आहे.