मुंबईहून गेलेला निबंध

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात वायूंचा गतिज सिद्धांत शिकवताना आपण क्लॉसियस, मॅक्सवेल आणि बोल्ट्झमान यांची नावे घेतो. या नावांच्या आधी आणखी एक नाव यायला हवे होते. ते आले नाही, याला एका नियतकालिकाचे संपादन कारणीभूत ठरले. विशेष म्हणजे त्या माणसाने आपले काम मुंबईत पूर्ण केले होते, आणि पेशाने तो शिक्षक होता.

जॉन जेम्स वॉटरस्टन यांचा जन्म १८११ साली एडिंबरोचा. १८३९ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातील उमेदवारांना शिकवण्यासाठी मुंबईत आले. फावल्या वेळात ते वायूंच्या गुणधर्मांचा विचार करीत. डिसेंबर १८४५ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक दीर्घ निबंध पाठवला. वायू म्हणजे सर्व दिशांना वेगाने धावणाऱ्या, एकमेकांवर आपटणाऱ्या रेणूंचा समूह, आणि उष्णता म्हणजे या रेणूंची गती, असे त्यात मांडले होते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघत होता. दोन वायू एकाच तापमानाला असतील तर त्यांच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखी असते. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूपेक्षा १६ पट जड आहे. म्हणून त्याचा वेग सुमारे एक चतुर्थांश असणार. आज अकरावी-बारावीचा विद्यार्थी हे गणित करतो. १८४५ मध्ये मात्र उष्णता हा एक प्रकारचा सूक्ष्म द्रव आहे, असे मानणारे पुष्कळ होते.

रॉयल सोसायटीचे 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' हे नियतकालिक १६६५ साली हेन्री ओल्डनबर्ग या सचिवाने सुरू केले. १८३० नंतरच्या काळात, आलेले निबंध जाणकार परीक्षकांकडे पाठवून लेखी अभिप्राय घेण्याची पद्धत तिथे रुजली. वॉटरस्टन यांचा निबंध दोघांकडे गेला. त्यांतले एक ऑक्सफर्डमधील भूमितीचे प्राध्यापक बेडन पॉवेल (स्काउट चळवळीच्या संस्थापकाचे वडील). निबंधाचे मूळ गृहीतच समाधानकारक नाही, असे त्यांचे मत पडले. दुसरे सर जॉन लबक, खगोल आणि गणिताचे अभ्यासक. त्यांनी तर हा निबंध निव्वळ मूर्खपणा असून सोसायटीसमोर वाचण्याच्याही लायकीचा नाही, असे कळवले.

तरीही मार्च १८४६ मध्ये तो वाचला गेला आणि त्याचा छोटा गोषवारा छापला गेला. संपूर्ण निबंध मात्र दप्तरात पडून राहिला. वाचला गेलेला निबंध ही सोसायटीची मालमत्ता, असा नियम होता. आणि वॉटरस्टन यांनी स्वतःजवळ नक्कल ठेवलेली नव्हती. त्यामुळे तो दुसरीकडे पाठवण्याची वाटही बंद झाली. पुढे क्रोनिग (१८५६), क्लॉसियस (१८५७) आणि मॅक्सवेल (१८६०) यांनी स्वतंत्रपणे हाच विषय उभा केला. वॉटरस्टन १८५७ मध्ये एडिंबरोला परतले. जून १८८३ मध्ये ते घराबाहेर पडले आणि पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

१८९१ मध्ये सोसायटीचे तत्कालीन सचिव लॉर्ड रॅले यांच्या वाचनात वॉटरस्टन यांच्या ध्वनीवरील एका जुन्या लेखातला या निबंधाचा उल्लेख आला. त्यांनी दप्तर धुंडाळून हस्तलिखित शोधले आणि १८९२ मध्ये स्वतःच्या प्रस्तावनेसह त्याच नियतकालिकात छापले. हा निबंध वेळीच छापला न गेल्याने विषयाची प्रगती बहुधा दहा-पंधरा वर्षे रखडली, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

इथे दोष नेमका कोणाचा? परीक्षकांचे मत चुकणे हा गुन्हा नव्हे. निबंधात काही चुकाही होत्या. पण परीक्षक सल्ला देतो, निर्णय संपादकाचा असतो. 'मूर्खपणा' हा शेरा झाला, कारण नव्हे. नेमकी कोणती पायरी चुकली, हे विचारणे आणि लेखकाला उत्तर देण्याची संधी देणे हे संपादकाचे काम. छापायचे नसेल तर हस्तलिखित परत करणे ही तर साधी सभ्यता. लेखक दूरच्या वसाहतीतला, सोसायटीचा सभासद नसलेला. त्याच्या बाजूने बोलणारे तिथे कोणी नव्हते.

उलट दिशेनेही चूक होते. १२ मुलांच्या निरीक्षणांवरून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा निबंध 'लॅन्सेट'ने १८९८ मध्ये नव्हे, अगदी अलीकडे १९९८ मध्ये छापला. तो मागे घ्यायला २०१० साल उजाडले. दरम्यान कित्येक पालकांनी लशीकडे पाठ फिरवली. संपादकांच्या आचारसंहितेचा विचार करणारी एक समिती १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली. हितसंबंध उघड करणे, निर्णयाची कारणे देणे, चूक कळताच ती जाहीरपणे दुरुस्त करणे, अशी कर्तव्ये आता लेखी आहेत. पण नियम लिहिल्याने विवेक आपोआप येत नाही.

उत्तरपत्रिका तपासताना शिक्षकही थोडाफार संपादकच असतो. एखाद्या मुलाने अनोळखी रीतीने गणित सोडवले असेल, तर फुली मारण्यापूर्वी ती रीत शेवटपर्यंत वाचावी. ती चूक असेलही. पण कुठे चुकली, हे दाखवता आले पाहिजे.