'स्लो' न राहणाऱ्या गाडीचा इतिहास #थ्रेड

१/ शिरूर अनंतपाळच्या बाजारात उभी असलेली मोटारसायकल कारण नसताना बंद पडते. दोन किका मारल्या की पुन्हा सुरू. निलंग्यापर्यंत सुरळीत धावते आणि मिस्त्रीसमोर नेली की अगदी शहाण्यासारखी वागते! 'गाडी स्लो राहत नाही' या नेहमीच्या तक्रारीमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ आरंभीच्या मोटारसायकलींना ही व्याधीच नव्हती. १८९४ साली म्युनिकमध्ये विक्रीसाठी तयार होऊ लागलेल्या हिल्डेब्रांड-वोल्फम्युलर गाडीला क्लच नव्हता. इंजिनाचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले. चाक थांबले की इंजिन थांबले. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे हीच मुळात नंतरची चैन आहे.

३/ पुढे क्लच आणि गिअरपेटी रुळली आणि चाक थांबूनही इंजिन फिरते ठेवण्याची गरज निर्माण झाली. इथे अडचण आली कार्ब्युरेटरची. विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमारास घडवलेला फवारा-कार्ब्युरेटर वेगाने वाहणाऱ्या हवेच्या ओढीवर चालतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ती ओढ मुख्य जेटपाशी जवळजवळ उरत नाही. म्हणून मंद गतीसाठी वेगळी, बारीक वाट काढावी लागली. तोच आपला 'स्लो जेट'. लहान गाड्यांत त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते.

४/ भारतात बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. पण तालुक्याच्या गावात मोटारसायकल घरोघरी पोहोचण्याची सुरुवात १९८५ नंतरची. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली आणि आपल्या मराठवाड्यात वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला.

५/ आता मूळ प्रश्न : दोष कधी दिसतो, कधी लपतो, असे का? उत्तर बहुधा 'गाडी थंड असताना की तापल्यावर?' या एका प्रश्नात दडलेले असते.

महिनाभर उभ्या गाडीतले पेट्रोल उडून जाते आणि चिकट थर मागे राहतो. तो स्लो जेट अर्धवट बुजवतो. मग गाडी वेगात उत्तम धावते, पण उभी राहिली की दम तोडते. गाळाचा कण किंवा पाण्याचा थेंब मात्र येतो-जातो. म्हणून दोषही येतो-जातो.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला चीर असेल, तर हवा चोरवाटेने आत शिरते. व्हॉल्व्हची फट कमी असेल, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. आणि टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले असेल, तर काही अंतर गेल्यावर पेट्रोल उतरणेच थांबते. झाकण उघडताच गाडी सुधारली, तर कार्ब्युरेटर खोलण्याची गरजच नाही. उगाच स्क्रू पिळून आरपीएम वाढवणे म्हणजे ताप न पाहता घोंगडे पांघरणे.

६/ २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास प्रारंभ झाला. २०२३ पासून २० टक्क्यांचे मिश्रण टप्प्याटप्प्याने आले. इथेनॉल पाणी शोषते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे होते आणि तळातूनच इंधन कार्ब्युरेटरकडे जाते. (२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच जिल्ह्यात उसापासून इथेनॉलही तयार होते!)

७/ १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता मंद गती संगणक सांभाळतो. दोष तिथेही येतो-जातो, पण तो शोधायला बहुधा स्कॅनर लागतो. एअर स्क्रू पाव फेरा फिरवून आवाजावरून मिश्रण जुळवणारा मिस्त्री त्या गाडीपुढे निरुपाय होतो.

८/ तुमच्या घरी २०२० पूर्वीची गाडी असेल, तर पुढच्या वेळी मिस्त्री 'स्लो' लावताना शेजारी उभे राहा. इंजिन तापेपर्यंत तो स्क्रूला हात लावतो का, तेवढे पाहा.